इंजिनातला तिरकेपणा

विमानातला वाकडेपणा काढला की तो नाहीसा होत नाही, घरातल्या कुणाच्या तरी अंगात जातो. आमच्या घरी हे दोघांनाही माहीत होतं आणि कुणाची तक्रार नव्हती.

रिमोटवर उडणाऱ्या माझ्या छोट्या विमानाचा डावा पंख झुकला होता. तो सरळ केला, तेव्हा माझा डावा खांदा खाली आला. शिंप्याने मुकाट्याने शर्टाचं माप बदललं. मग शेपटी. शेपटीपासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत दोरा ताणून अंतर सारखं आहे का ते बघायचं असतं. दोऱ्याचं एक टोक नेहमीप्रमाणे माझ्या बायकोने, कुंदाने धरलं. शेपटी सरळ झाली आणि कुंदाची मान कलली.

"चालेल," ती म्हणाली. "टीव्ही तसाही कोपऱ्यात आहे."

उरलं इंजिन. त्याचं नाक किंचित उजवीकडे होतं. तेही सरळ केलं आणि मोठ्या ऐटीत आमच्या विमान-क्लबच्या बेलवलकरांना फोन लावला.

बेलवलकरांनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो, तो वाकडेपणा नव्हता. पुढचा पंखा फिरला की विमान डावीकडे ओढतं, म्हणून इंजिन मुद्दाम उजवीकडे तिरकं बसवतात. कुणाच्या अंगात गेला?"

मी फोन हातात धरूनच मागे वळलो. कुंदा पिशवी घेऊन दाराकडे निघाली होती.

निपाणीला बहिणीकडे जायला ती लग्नापासून निघते आहे. पण माझं टेबल दाराच्या डाव्या हाताला. दरवेळी ती तिथवर यायची, डावीकडे ओढली जायची आणि दोरा धरून बसायची. मला वाटायचं, तिला विमानांची आवड आहे.

आज ती टेबलापाशी आली आणि वळलीच नाही.

"कुंदा, थांब. इंजिन पुन्हा तिरकं करतो."

"नको हो," ती फाटकातून म्हणाली. "पहिल्यांदाच सरळ चालतेय. राहू दे तसंच."

तरी मी स्क्रूड्रायव्हर उचलला. पण इंजिन आधी किती तिरकं होतं ते मी मोजलंच नव्हतं. चुकून जास्त फिरवलं तर ती रस्त्यात कुठे वळेल याचा भरवसा नव्हता. मी तो खाली ठेवला.

रविवारी मैदानावर विमान उडवलं. ते डावीकडे ओढत, गिरकी घेऊन सारखं माझ्याकडेच येत होतं.

"दुरुस्त करून घ्या ते," बेलवलकर म्हणाले.

"राहू दे," मी म्हटलं. "तेवढं तरी येतंय."