हैदराबादची चतुःसीमा

आमचे शेजारी भगवाननाना कुठंही दोनदा जातात. पहिल्यांदा एकटे जाऊन जागा बघून येतात, मग दुसऱ्यांदा माणसांना घेऊन जातात. लग्न, बारसं, दवाखाना, देवदर्शन, सगळ्याला हाच नियम. उमरग्यात कुणाची मयत झाली, तर तिरडी बांधून होईपर्यंत नाना स्मशानातला नळ चालू आहे का ते बघून परत आलेले असतात.

नाना तलाठी म्हणून नोकरीला लागले आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. निवृत्त झाले म्हणजे कचेरीत जायचे थांबले, एवढंच. पाहणी सुटली नाही. "जागेवर गेल्याशिवाय बोलू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जमिनीच्या कागदात चारी बाजूंना काय आहे ते लिहितात, तिला चतुःसीमा म्हणतात. नाना ती जगातल्या कुठल्याही वस्तूला लावतात. हॉटेलात खाऊन आले की भजी कशी होती ते सांगत नाहीत. "पूर्वेस मेडिकल, पश्चिमेस पंक्चरवाला, दक्षिणेस हायवे, उत्तरेस गटार. वारा फिरला की बसवत न्हाय," असं सांगतात. भजी चतुःसीमेच्या आत कुठंतरी असतात.

सगळी गल्ली त्यांना हसते. मला तो अधिकार नाही. बारावीनंतर सोलापूरच्या कॉलेजात माझा नंबर लागला तेव्हा आमच्या घरात शाळेच्या पुढचा रस्ता कुणालाच ठाऊक नव्हता. वडील म्हणाले, "नानाला इचार." मी विचारायच्या आधीच नाना एका बुधवारी सोलापूरला जाऊन, वसतिगृह बघून आले होते. "तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत न्हाय. पहिला मजला माग. मेसचा आचारी उदगीरचा हाय, भाकरी जमते त्याला. गणिताचे सर कडक हायत, पण चष्मा काढला की त्यांना मागचं दिसत न्हाय." मी पहिला मजला मागितला. पहिल्याच महिन्यात वरची पोरं बादल्या घेऊन आमच्या नळावर रांगेत उभी राहिली. त्या रांगेकडं बघून मी मनातल्या मनात नानांच्या पाया पडलो. आज मी पदवीधर आहे, शाळेत शिकवतो. त्यातला थोडा भाग त्या नळाचा आहे.

माझं लग्न ठरायच्या आधीही नाना कळंबला जाऊन आले. रेखा, म्हणजे माझी बायको, अजून सांगते, "पाहुणे आलेत म्हणून मी चहा घेऊन गेले, तर हे परसात पाण्याच्या टाकीचं झाकण काढून आत बघत होते." नानांनी आमच्या घरी येऊन अहवाल दिला: "मुलगी चांगली हाय. टाकीबी मोठी हाय."

तर, लग्नाला दीड वर्ष होऊनही आम्ही दोघं कुठं गेलो नव्हतो. रेखाच्या मनात हैदराबाद होतं. चारमिनार बघायचा, बांगड्या घ्यायच्या, हुसेनसागरात बोटीत बसायचं. शनिवार-रविवार, दोघंच. तिनं हे मला पोळ्या लाटताना, लाटण्याच्या आवाजात, हळूच सांगितलं होतं. मी नानांना फक्त सकाळची बस किती वाजता असते एवढंच विचारायला गेलो. ही माझी चूक.

नानांनी दोन घरांमधल्या भिंतीवर ठेवून डायरी उघडली. "कोण कोण जाणार?"

"मी आन् रेखा."

"कारण?"

"फिरायला, नाना."

त्यांनी 'कारण: फिरणे' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. तेवढ्यात आमच्या ओट्यावर शेंगा सोलत बसलेली माझी आई म्हणाली, "चारमिनार म्याबी कुठं बघितलाय?" तिनं वर मान केली नाही, शेंगाच सोलत राहिली. नानांनी मला न विचारता डायरीत तिसरं नाव लिहिलं.

मग पलीकडच्या घरातून नानांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा आवाज आला. "चौथं माझं लिवा."

नानांचं पेन थांबलं. ते का थांबलं हे कळण्यासाठी थोडं मागं जायला पाहिजे. काकूंना हैदराबाद दाखवायचं म्हणून नाना आजवर चार वेळा हैदराबादला जाऊन आलेत. एकटे. प्रत्येक वेळी येऊन सांगायचे, "शहर चांगलं हाय, पण दोन-तीन त्रुटी हायत. पुढल्या वर्षी बघू." मग त्या त्रुटी सोडून उरलेलं हैदराबाद काकूंना चार-चार दिवस सांगत बसायचे. कुठल्या पायरीला टेकू आहे, कुठल्या झाडाखाली बाक आहे, कुठल्या हॉटेलात चहा कपात देतात आणि कुठल्या पेल्यात.

"चार वेळा ऐकलं मी हैदराबाद," काकू भिंतीजवळ येऊन म्हणाल्या. "आता बघायचं हाय. आन् हे बघा, या टायमाला पाहणी न्हाय. तुमी आधी जाऊन आलाव, तर मी येणार न्हाय. कधीच न्हाय."

"अगं, दोन वर्षांत तिथं काय काय बदललं आसंल..."

"बदलू द्या."

नानांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. डायरी मिटून आत गेले.

त्रुटी कसल्या, हे आईनं रेखाला त्याच संध्याकाळी सांगितलं. लग्न झालं त्या वर्षी नाना काकूंना सोलापूरला सर्कस बघायला घेऊन गेले होते. नवी नवरी. सकाळी घरातून निघाल्यापासून काकूंना बाथरूमला जायला कुठं जागा मिळाली नाही. नवऱ्याला सांगायची लाज. पाणी प्यायल्या नाहीत, जेवल्या नाहीत, दिवसभर नुसतं 'भूक न्हाय' म्हणत राहिल्या. सर्कस सुटल्यावर एसटी स्टँडवर चक्कर येऊन पडल्या. काय झालं होतं ते नानांना दुसऱ्या दिवशी काकूंच्या आईकडून कळलं. तेव्हापासून नानांनी काकूंना न बघितलेल्या जागी नेलं नाही. आणि बघितलेली जागा त्यांना कधी पुरेशी पसंत पडली नाही.

रेखानं सगळं ऐकून घेतलं. रात्री मला म्हणाली, "जाऊ द्या. सगळे मिळून जाऊ. त्यांचं हुकायला नको." दोघांची सहल अशी पाच जणांची झाली. वडील म्हशीपायी घरी राहिले.

पुढचा आठवडा नाना फार बेचैन होते. पाहणीशिवाय जायचं म्हणजे त्यांना अंगात सदरा न घालता जिल्हा कचेरीत जाण्यासारखं वाटत होतं. दर दोन तासांनी भिंतीवरून हाक यायची. "तुझ्या आईचे गुडघे कसे हायत?" "रेखाला गाडी लागती का?" "लॉजच्या खोल्या कितव्या मजल्यावर?" खोल्या दोनच होत्या. नानांनी वाटणी केली: एकीत बायका, एकीत पुरुष. आमच्याकडं हीच रीत आहे, मोठ्यांसमोर कोण बोलणार? माझ्या पहिल्यावहिल्या सहलीची रात्र मी नानांच्या शेजारच्या पलंगावर काढली. रेखा दाराशी माझ्याकडं बघून एवढी हसली की आईनं विचारलं, "काय झालं गं?"

शनिवार चांगला गेला. जुन्या चार पाहण्या कामाला आल्या. नाना पुढं, आम्ही मागं. "इथं बसा. सावली साडेतीनपर्यंत हाय." "हितं पाणी पिऊ नका, पुढल्या चौकात प्या." काकू सगळीकडं डोळे मोठे करून बघत होत्या आणि अधूनमधून म्हणत होत्या, "हे तुमी सांगितलं होतं त्याच्यापेक्षा लहान हाय," किंवा "हे मोठं हाय." नाना खूश होते. डायरीत बरोबरच्या खुणा करत होते.

रविवारी दुपारी चारमिनारजवळ सगळं बिघडलं.

नाना आजवर हैदराबादला गेले होते ते चारही वेळा बुधवारी. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी पाहणी करत न्हाईत." निवृत्त होऊन सहा वर्षं झालेला माणूस! बुधवारी जिथं मोकळी गल्ली होती तिथं आता माणसांवर माणसं. बाकावर एक कुटुंब डबा सोडून बसलेलं. चहाचं दुकान बंद. आणि बांगड्यांच्या दुकानांमागच्या ज्या जागेवर नानांनी डायरीत 'स्त्रियांसाठी स्वच्छ सोय' असं लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं, तिथं कुलूप.

काकूंनी कुलुपाकडं बघितलं. फक्त पदर घट्ट केला आणि म्हणाल्या, "मला चहा नको. पाणीबी नको."

नानांचा चेहरा मी तेवढा उतरलेला कधी पाहिला नव्हता. "तुमी हितंच थांबा," ते म्हणाले आणि गर्दीत घुसले. मी त्यांच्या मागं. साठी ओलांडलेला माणूस, पण मला गाठता येईना. एका हॉटेलात शिरले, तिथं रांग. दुसऱ्याच्या मालकानं मान हलवली. तिसऱ्या ठिकाणी जे दिसलं ते बघून नाना स्वतःच मागं सरले. "पस्तीस वर्षं," ते मला म्हणत होते की स्वतःला, कळत नव्हतं, "पस्तीस वर्षं झाली, आन् पुन्हा तेच. मी आणायलाच नको होतं रे तिला."

परत आलो तर काकू, आई, रेखा तिघीही जागेवर नाहीत.

नाना मटकन एका दुकानाच्या पायरीवर बसले. मी रेखाला फोन लावला. गोंगाटात तिनं उचलला नाही. मी पुन्हा लावणार तोच वरून हाक आली.

"अहो! वर बघा की!"

बांगड्यांच्या दुकानावरच्या माळ्याच्या खिडकीत काकू उभ्या. हातात चहाची बशी. मागं आई आणि रेखा, आणि पांढऱ्या ओढणीतल्या एक म्हाताऱ्या बाई, त्याही हात हलवत होत्या. काकूंचं माहेर बसवकल्याणकडचं. कानडी, दखनी, मराठी तिन्ही त्यांना एका दमात येतात. आम्ही गर्दीत घुसल्याबरोबर त्यांनी दुकानदाराला विचारलं होतं, "बेटा, अम्मा हैं क्या घर में?" अम्मा होत्या. बाथरूम होतं. वर चहा झाला, नानखटाई झाली, अम्मांच्या सुनेच्या तक्रारी झाल्या.

काकू खाली आल्या. नाना उभे राहिले.

"आमच्या पाहणीत हे घर नव्हतं," ते म्हणाले.

"म्या विचारलं. दोन मिंटं लागली." काकू त्यांच्याकडं बघत राहिल्या. "त्या दिवशी सोलापुरात विचारायला मी लाजले, तुमी न्हाय. आन् जलमभर पाहणी करत बसलाव तुमी."

नानांनी खिशातला रुमाल काढून आधी चष्मा पुसला, मग तोंड. "आता बरं वाटतंय का?"

"लई बरं वाटतंय. तुमी पाणी प्या आधी. घामानं भिजलाव सगळे."

नाना पाणी प्यायले. तिथंच, रस्त्यावरच्या टाकीचं, पुढल्या चौकाची वाट न बघता. काकूंनी चौघींसाठी बांगड्या घेतल्या. चौथी कोण म्हणून विचारलं, तर अम्मांना एक डझन त्यांच्याच दुकानातून घेऊन दिल्या होत्या. आई बसायला जागा शोधत होती, रेखा हसत होती. नाना काही काळ डायरी उघडायचीच विसरले.

चारच्या सुमाराला हुसेनसागरावर आलो. परतीच्या बसला अजून वेळ होता. तिकिटाच्या खिडकीकडं नाना सरळ चालत गेले, कुठून वळायचं, कुठं उभं राहायचं सगळं ठाऊक असल्यासारखे. पाच तिकिटं काढली. मी सहज विचारलं, "नाना, बोट किती वेळ फिरवते?"

"माहीत न्हाय."

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. नानांना माहीत नाही असं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो.

"चार वेळा आलाव की हितं," काकू म्हणाल्या.

"खिडकीपातूर आलतो."

"मग?"

नाना तिकिटं मोजत होते. पाच होती. पुन्हा मोजली. "एकट्याचं तिकीट काढून काय करू?"

काकूंनी तिकिटं त्यांच्या हातातून घेतली. बोटीत चढताना नानांचा पाय अडखळला, तेव्हा काकूंनी त्यांना सावरलं. केशरी जाकिटाचा पट्टा नानांना लावता येईना; पुढून लावायचा की मागून, तेच कळेना. काकूंनी त्यांना लहान पोरासारखं उभं करून खटकन तो लावला. मग दोघं पुढच्या बाकावर बसले. आईला पाण्याची भीती वाटत होती म्हणून तिनं रेखाचा हात धरला, आणि रेखानं दुसऱ्या हातानं माझा. असे आम्ही तिघं मागं बसलो.

बोट सुटली. काठ मागं गेला. वाऱ्यानं काकूंचा पदर उडायला लागला, तो नानांनी एका हातानं धरून ठेवला. उन्हामुळं त्यांचे डोळे बारीक झाले होते. पाणी, पलीकडच्या इमारती, मधला दगडी बुद्ध, यांतलं काहीच त्यांनी आधी पाण्यावरून पाहिलेलं नव्हतं. ते काय सांगतील म्हणून मी कान देऊन बसलो होतो.

नाना काकूंकडं झुकले.

"काय काय दिसतंय गं तुला?" त्यांनी विचारलं.

आणि काकू सांगायला लागल्या.