शून्य, एक आणि एकशेदहा

विश्वासाला उतरंड असावीच लागते, नाहीतर लोकांची कामं होत बसतील.

आमच्या तालुक्यातल्या एका दाखल्यांच्या कार्यालयातला राउटर हे पक्कं जाणून आहे. राउटर म्हणजे निरोप कोणत्या वाटेने धाडायचा ते ठरवणारी डबी. थेट तिच्या वायरीला जोडलेल्या वाटेला ती शून्य नंबर देते; शून्य म्हणजे डोळे झाकून विश्वास, नंबर वाढेल तसा विश्वास कमी. साहेबांनी हाताने लिहून दिलेल्या वाटेला एक. आणि इतर राउटरांना विचारून, खात्री करून सापडलेल्या वाटेला? एकशेदहा. (चौकशी करणाऱ्याची आपल्याकडे तेवढीच किंमत.)

दाखल्यांच्या नोंदी धुळ्याच्या मुख्य कार्यालयात; झुलालअण्णा साहेबांनी निवृत्तीआधी तिथली वाट सोनगीरवरून लिहून ठेवली. सोनगीरपुढची लाइन दोन वर्षं बंद आहे. सोनगीरपर्यंतच्या लाइनीचा दिवा मात्र लागतो, म्हणून राउटर समाधानी आहे. पाचोऱ्यावरून धडधाकट वाट आहे, पण ती पडली एकशेदहावाली. अण्णांची ओळ खोडायला धुळ्याची परवानगी लागते आणि तिचा अर्ज ऑनलाइनच जातो. सोनगीरवरून. आजवर सत्तावीस अर्ज गेले. सत्तावीसही वाटेत आहेत.

सोमवारी कोकिळाबाई तिसऱ्यांदा आल्या. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालेला, दाखला पाच वाजेपर्यंत द्यायचा, नाहीतर जागा दुसरीला. साडेचारला त्यांना रडूच फुटलं. शिपाई निंबा विरघळला.

"कोन गावना शेतस तुम्ही, अक्का?"

"सोनगीरनी शे, भाऊ."

"अरे देवा! मना मामानं गाव! मंग आधी का नही सांगं?"

मग चक्रं फिरली. धुळ्याच्या नोंदींची नक्कल असलेलं मशीन आतल्या कपाटात पडून होतं, अडीअडचणीसाठी. (अडचण आपल्या माणसाची असावी लागते.) कंत्राटी तंत्रज्ञ किरणने त्याची वायर राउटरला थेट खोचली. थेट जोडलेलं, म्हणजे शून्य! अण्णांच्या एक नंबराची काय बिशाद! चार मिनिटांत दाखला छापून शिक्क्यासह हातात. कोकिळाबाई निंबाच्या पाया पडायला वाकल्या, तो लाजला. किरणने वायर लगेच काढली, कारण असं रोज चालत नाही.

मुलीची जागा राहिली. वाचून तुम्हालाही हायसं वाटलं असेल, मलाही वाटलं. रांगेत कोकिळाबाईंच्या पुढे अकरा जण होते. त्यांतल्या चौघांची मुदतही पाचचीच होती. त्यांचं काय झालं, हे मी सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाहीत.