धुण्याच्या धोंड्याची आणि हैबतरावांच्या बेसबॉल फौजेची हकीकत

बसा, आधी बूड टेकवा. पान लावायचं तर लावा, पण कान इकडं द्या. एका मैदानाची बखर सांगतो, हातचं काही राखत नाही. उघड्यावर बसणाऱ्या देवास नमन, उन्हात पळणाऱ्यास नमन, आणि मधेच 'मग पुढं काय?' विचारील त्याच्या तोंडास कुलूप.

शके एकोणीसशे बारा, प्रमोदनाम संवत्सरी, दिवाळी सरल्यावर आमचे गावी, म्हणजे आमचे राज्यात, बेसबॉल आला. शाळेचे ड्रिलमास्तर शहरी शिबिरास गेले होते, ते येताना एक बॅट, एक चेंडू आणि एक कातडी पंजा घेऊन आले, आणि लगोलग बदली होऊन परमुलुखास गेले, आणि वस्तू राज्यात राहिल्या. मग यांचं करावं काय, ही मसलत पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसली. गिरणी हैबतरावांची. हैबतराव म्हणजे अंगानं धिप्पाड, भुवयांपर्यंत पिठानं पांढरे, आणि मान म्हणून कुणापुढं वाकवली नाही. लग्नात हार घालताना नवरीस पाटावर उभी करावी लागली. त्यांनी नऊ असामी जमवून फौज बांधली आणि कप्तानीची वस्त्रे आपणच घेतली. खेळाचा कायदा सोपा. चेंडू हाणावा आणि पळत सुटावं, तीन ठाणी घ्यावी, आणि चौथं ठाणं म्हणजे घर, त्यास शिवावं की एक धाव. वाटेत कुणी चेंडू हाती धरून अंगास लावला की गडी मेला.

मग घरास दगड पाहिजे. हैबतराव महाराजांनी आपल्या परसातला धुण्याचा धोंडा उपटला आणि मैदानात जमिनीबरोबर पुरला. त्यांच्या राणीसाहेब मथुराबाई म्हणाल्या, "आता धुणं काय तुमच्या टकलावर आपटू?" मग मैदानावर रेघा पाहिजेत, म्हणून गिरणीत सांडलेलं पीठ झाडून आणलं आणि त्यानं ठाणी आखली, आणि ठाण्यास ठाणं जोडून रेघा ओढविल्या. त्या शेळ्यांनी चाटून टाकल्या. पहिलं ठाणं दुपारपर्यंत शेळीच्या पोटात गेलं, आणि घराचा धोंडाही धुळीत दिसेनासा झाला, आणि एक सरदार घर शोधीत मैदानाच्या टोकाच्या बाभळीपर्यंत गेला आणि तिथं मेला. हैबतरावांस राग आला. शेळी चाटणार नाही असं काय आहे, हा विचार करता दसऱ्याला गिरणीस लावून उरलेला शेंदूर त्यांना आठवला, तो तेलात कालवून त्यांनी धोंड्यास फासला आणि समाधानानं घरी जाऊन जेवले.

दुसरे दिवशी मंगळवार. सोनाआत्या म्हणून बाजारात लसूण विकणाऱ्या, राज्यात त्यांचा शब्द मोठा, त्या पाटी घेऊन मैदानातून निघाल्या होत्या. त्यांनी धोंडा पाहिला, पाटी उतरविली आणि हात जोडले. "काल न्हवता, आज हाय! परगटला गं बाई!" मग दुपारी नारळ आला आणि सांजेस उदबत्ती आली, आणि पुढल्या मंगळवारी नवस आले. फौजेत निवृत्ती पंक्चरवाले कॅचर होते. कॅचर म्हणजे घरामागं उकिडवं बसून चेंडू झेलणारा गडी. आता देवामागं उकिडवा बसलेला माणूस पाहून बाया काय समजणार? त्या नारळ निवृत्तीच्या हाती देत्या झाल्या, आणि निवृत्तीही चेंडू लागू नये म्हणून तोंडावर बांधलेली जाळी वर करून नारळ फोडते झाले, खोबरं वाटते झाले, आणि जाळी खाली घेऊन "हं, टाक!" म्हणते झाले.

असं वर्षभर सुखाचं चाललं. मग देवास देऊळ पाहिजे अशी बोली उठली, आणि गवंडी आला, आणि त्यानं घराभोवती दोरी आखली. घरासच चार भिंती पडल्या तर घरी यायचं कुठून? फौज मोडली. हैबतराव तडक बाजारात गेले आणि लसणाच्या पाटीसमोर उभे राहिले.

"आत्या, तो धोंडा माझा हाय. मथुरी त्याच्यावर माझी बनियनं आपटायची."

"आरं मग? समदे देव कुठनंतरी उचलूनच आणल्यात. कुठला ते कोन इचारतं? कुठं बसला ते बघायचं."

"मग बसू द्या की उघड्यावर."

"उन्हात? तुझ्या आईला बसवशील?"

"त्याला खेळ आवडतो, आत्या."

आत्यांनी एक गड्डी हातात फिरविली. "आवडतो म्हनतोस? मग त्यानं दाखवावं. वढ्यापल्याडच्यांस्नी हरवा. हरवलंत तर दोरी काढीन. हरलात तर मैदान देवाचं, आन् तुमी गिरनीत खेळा. आन् ऐक, देवाला पायतान लागलं तर गाठ माझ्याशी."

आता ओढ्यापलीकडचं राज्य म्हणजे बलाढ्य. आमच्या फौजेनं त्यांस कधी हरविलं नव्हतं, एकदा ते आलेच नाहीत तेव्हाही निकाल बरोबरीचा धरला. त्यात पायताणाचा पेच, कारण बाभळीच्या काट्यांत अनवाणी पळवत नाही. मग निवृत्तीनं मसलत दिली. "पायानं शिवायचं नाय, तर हातानं शिवू. पळत यायचं आन् पालथं पडायचं, हात म्होरं. कायद्यात पाय लिवलेला नाय." मग सारी फौज रोज पालथी पडती झाली, आणि राज्यात कुणाच्या सदऱ्यास गुंडी राहिली नाही. फक्त महाराज पडेनात. "माझ्याच धुण्याच्या धोंड्याला मी दंडवत घालू? मथुरी जन्मभर हसंल." निवृत्ती म्हणाले, "मग दादा, तुमी तिसऱ्या ठाण्यावरच संसार मांडा."

लढाईचा दिवस उगवला. पलीकडची फौज टेम्पोतून उतरली. देवाची अट ऐकून त्यांचे सरदार हसले. म्हणाले, आम्ही असलं मानत नाही. मग त्यांनी चेंडू बाभळीपार हाणला. बाभळीपार गेला की चालत यावं, कुणी मारीत नाही. सरदार चालत आला, आणि शेंदूर पाहिला, आणि कडेला बसलेल्या बाया पाहिल्या, आणि निमूट बूट काढून, धोंड्यास शिवून, पाया पडून गेला. पुढचेही तसेच. आमचे मात्र धूळ उडवीत छातीवर येत होते, आणि दर वेळी बाया हात जोडीत होत्या. असं होता होता शेवटला डाव आला, धावा बरोबरीच्या. पलीकडचा एक गडी तिसऱ्या ठाण्यावरून सुटला. चेंडू लांब होता, गडी चपळ होता, धाव त्याची होती. घर हातभर राहिलं आणि सोनाआत्या कडाडल्या, "पायतान काढ, मुडद्या!" तो जागीच थांबला, वाकला आणि नाडीस हात घातला. गाठ पक्की होती. निवृत्तीनं चेंडू झेलला, हळूच त्याच्या पाठीस लावला आणि म्हणाले, "सावकाश काढा, पावनं. आता घाई नाय."

मग आमची पाळी. तिसऱ्या ठाण्यावर कोण, तर खुद्द हैबतराव. निवृत्तीनं चेंडू जमिनीसरसा हाणला आणि महाराज निघाले. ते पळाले म्हणजे कसे, तर भरलं पोतं उतारावरून सुटावं तसे. पुढं धोंडा, धोंड्यापाशी त्यांचा कॅचर चेंडू घेऊन तयार, भोवती खेळापुरती दोरी सोडून ठेवलेल्या गवंड्याच्या खुंट्या, आणि कडेला मथुराबाई. उभ्यानं गेले तर मेले. बूट काढावेत तर मेले. सारं राज्य श्वास धरून राहिलं. आणि मग जो माणूस लग्नात वाकला नाही तो हात पुढं करून सपाट आडवा झाला, आणि अंगावरच्या पिठाचा एवढा लोट उठला की पंचांस काही दिसेना. पीठ खाली बसलं तेव्हा महाराजांचे दोन्ही तळवे धोंड्यावर होते, कपाळही होतं. पंचांनी धाव दिली.

महाराज मात्र उठेनात. लोक म्हणाले, लागलं. तशा मथुराबाई जवळ गेल्या आणि वाकल्या. धोंड्यावर तोंड ठेवूनच हैबतराव म्हणाले, "हस आता." त्या हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याच्या पाठीवरलं पीठ झटकलं आणि म्हणाल्या, "उठा. बनियन फाटलंय, आन् धुवायला धोंडा न्हाई." दुसरे दिवशी महाराजांनी खाणीवरून नवा धोंडा डोक्यावर वाहून आणला आणि परसात बसविला. आत्यांनी खुंट्या उपटविल्या. गवंड्यास फौजेत घेतलं. त्याचा नेम चांगला होता.

तात्पर्य, राज्य राहिलं, देव उघड्यावर राहिला, आणि त्यानंतर ती फौज पुष्कळ वेळा हरली, पण घरी येताना कुणी उभ्यानं आलं नाही. हैबतराव आता थकले, मंगळवारी कडेला खुर्ची टाकून बसतात आणि पोरांस ओरडतात, "खाली! अजून खाली!"

आणि तुम्हांस एवढंच मागणं. कधी त्या वाटेनं गेलात, तर पाया पडा, नवस बोला, काय हवं ते करा. पण नारळ त्या धोंड्यावर फोडू नका, बाभळीखाली दुसरा दगड मांडलाय तिथं फोडा. करवंटीचा तुकडा मातीत राहतो, दिसत नाही, आणि आमची पोरं छातीवर येतात.