भोवरबेटाचे रक्षण हुजुरांनी कैसे केले, त्याची हकीकत

श्रीदर्यादेव प्रसन्न असो. दया ज्यांचे पदरी आणि खर्च दुसऱ्याचे पदरी, ऐसे खावंद, त्यांचे यश वर्णावे तितके थोडे.

शके सोळाशे चौसष्ट, दुंदुभी नाम संवत्सरी, तख्ताची मर्जी जाहली की समुद्रापारच्या बेटांचे रक्षण आपण करावे आणि खर्च बेटांनी सोसावा. यात न्याय कोणता, हे पुसण्याची त्या दरबारी रीत नव्हती. मग दिवाणजी भोवरबेटी उतरले, छत्रीखाली बैसले आणि बोलिले, "चाच्यांचे भय मोठे. तुमचे रक्षणास जहाज बांधणे आहे. त्यास नाव तुमचेच बेटाचे देऊ. ऐसा मान कोणास मिळतो?" बेटाचा मुखत्यार गोमाजी तांडेल, ज्याचा थोरला लेक मागले साली चाच्यांनी धरून नेला, तो हात जोडून म्हणाला, "धनी, मान नको. जहाज आमच्या बंदरान उभा राहील ना? आता धाकटा एकलाच हाय." दिवाणजी "अलबत" म्हणाले आणि हसले, त्यांतील हसणे तेवढे खरे होते. मग बेटकऱ्यांनी देवराईतील सागवान तोडून दिले, बायकांनी काथ्याचे दोर वळून दिले, आणि गोमाजीने धाकटा मालू खलाशी म्हणोन दिला. जहाज सिद्ध जाहले, आणि खावंदांचे जावयास जलविहाराची हौस, सबब ते राजधानीचे घाटीच बांधून ठेविले. मग चाचे आले आणि बेट जाळून गेले. गोमाजी रडत दरबारी गेला. दिवाणजींनी बहुत दुःख केले, मध्ये विडा खाल्ला, पुनः दुःख केले आणि सांगितले, "बेट जळाले, त्याअर्थी एक जहाज पुरत नाही. दुसरे द्यावे." धन्य ते डोके आणि धन्य त्यावरील पागोटे! गोमाजी म्हणाला, "दुसरा झाड नाय, दुसरा पोर नाय. आता काय पन देनार नाय." या बोलण्यास बंड म्हणावे, ऐसा निवाडा जाहला. आणि मग जहाज प्रथमच भोवरबेटी आले. बेटकरी "आपला जहाज आला" म्हणोन किनारी धावले, नाचले. गोमाजीने तोफेपाशी मालूस ओळखिले आणि हाक मारिली. मालूने बापास ओळखिले आणि हातची पेटती बत्ती समुद्रात टाकिली. मग दुसऱ्याने दुसरी लाविली.

येणेप्रमाणे भोवरबेटाचे रक्षण पूर्ण जाहले. दारू, गोळे आणि समुद्रात टाकिलेली ती एक बत्ती, हा अवघा खर्च बेटाचे नावे मांडिला.