उतारा वाचण्यात वेळ घालवू नये

माझ्या पुतण्याच्या लग्नाची पत्रिका भाऊंनी परत पाठवली. लग्नाला यायचं नव्हतं म्हणून नव्हे. तपासून पाठवली.

मजकूर मी स्वतः, आठवडाभर खपून लिहिला होता. त्यावर तांबड्या शाईत शेरे : ‘निवेदक कोण? वर आजोबा बोलतात, खाली मध्येच एक चिमुकली काकाच्या लग्नाला यायचं हं म्हणते. एक काय ते ठरवा.’ आणि तळाशी : ‘मध्यवर्ती कल्पना जेवण. नेमकी तीच वेळ पुसट छापली आहे. दहापैकी चार.’

चार! एवढा अपमान करून माणूस लग्नाला आला आणि तीन वेळा बासुंदी घेऊन गेला.

भाऊ म्हणजे माझ्या बायकोचे, निर्मलाचे, थोरले भाऊ. साक्रीकडच्या एका शाळेत त्यांनी तीसेक वर्षं मराठी शिकवलं. तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या, तेव्हा निर्मलानं त्यांना जळगावला, आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. दोन्ही घरांच्या मध्ये सामाईक ओटा. त्या ओट्यावर भाऊ रोज संध्याकाळी दहावीच्या मुलांची उजळणी घेत. फुकट, आणि मोठ्या आवाजात.

आवाजाबद्दल माझी खास तक्रार आहे. कारण उदाहरणं माझी असत.

“पाहुणे कचेरीत दगडासारखे बसतात, ही उपमा. पाहुणे म्हणजे दगडच, हे रूपक. आणि ते बघा, दगडाला राग आला, खिडकी लावून घेतली, ही चेतनगुणोक्ती. समजनं का?”

पाहुणे म्हणजे मी. बहिणीच्या नवऱ्याला हाक मारायची आमच्याकडची ही आदराची रीत. आदर तेवढा हाकेपुरता.

उतारा वाचण्याची त्यांची पद्धत ठरलेली. पहिलं वाचन पेन्सिल कानावर ठेवून. दुसरं पेन्सिल हातात घेऊन. तिसऱ्या वाचनानंतर प्रश्न बघायचा, त्याआधी पानाच्या त्या भागावर पट्टी. कुणी मधलं वाचन गाळलं की भाऊ साक्रीच्या बोलीवर येत. “बठ्ठं वाचं का? बठ्ठं?” म्हणजे सगळं वाचलं का. मुलानं स्वतःचं काही जोडलं तर, “उतारा काय म्हणतो ते सांग. तुझं मत घरी आईला सांग.”

या पद्धतीनं एक उतारा सुटायला पाऊण तास लागे. सुरुवातीला ओट्यावर चौदा मुलं होती. दिवाळीपर्यंत चार उरली. त्यातली एक आमची रुचा, आणि बाकीच्या तिघी केवळ रुचाच्या मैत्रिणी.

भाऊंची आणखी एक खोड इथेच सांगतो. भरिताचा हंगाम सुरू झाला की दर शुक्रवारी ते सायकलवरून बाजारात जात आणि दोन वांगी आणत. चांगली हिरवी, लांबट, अर्ध्या हाताएवढी. एक स्वतःला ठेवत, एक आमच्याकडे पाठवत. का विचारलं तर सांगत, “एकाच बाजूला पिशवी टांगली की सायकल कलते. दोन्हीकडे एकेक असली म्हणजे तोल राहतो.” आम्ही त्याला तोलाचं वांगं म्हणू. त्यावर घरात भरपूर हसू. शुक्रवारी मला खरं म्हणजे शेवभाजी आवडते, पण वांगं आलं की भरीतच. तोही राग माझ्या मनात होता.

तर दिवाळीनंतर रुचा एक पुस्तिका घेऊन आली. नव्या क्लासची. नाव ‘दहा मिनिटांत उतारा’. माझ्या दुर्दैवानं ती ओट्यावरच उघडली गेली. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत सूचना होती : ‘उतारा वाचण्यात वेळ घालवू नये. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधावा व ते वाक्य उतरवावे.’

भाऊ उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि तीच ओळ पुन्हा वाचली.

“उतारा वाचण्यात वेळ घालवू नये! मग काय त्याचं ताक घुसळू? हे शिकवतात? पैसे घेऊन हे शिकवतात? उद्या म्हणतील, भाकर चावण्यात वेळ घालवू नये!”

“भाऊ, पोरीचं बोर्डाचं वर्ष आहे,” निर्मला म्हणाली. “तुझी पद्धत चांगलीच आहे रे, पण पेपर तीन तासांचाच असतो.”

मीही आतून ओरडलो, “मार्क कुठे मिळतात ते बघावं माणसानं!” पत्रिकेचे चार गुण मी विसरलो नव्हतो.

भाऊंनी पुस्तिका मिटली. मग म्हणाले, “रविवारी मी एक उतारा देतो. प्रश्न एकच. शब्द शोधून उत्तर आलं, तर रुचाला खुशाल क्लासला घाला. मी ओटा धुऊन टाकतो. पाहुणे, तुम्हीही बसायचं.”

रुचा गेली की तिघी जाणार, हे त्यांना माहीत होतं. मलाही.

रविवारी चार मुली आणि एक दगड ओळीनं बसले. भाऊंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेले कागद वाटले.

‘एक गृहस्थ दर शुक्रवारी सायकलवरून बाजारात जातात आणि भरिताची दोन वांगी आणतात. एक ते स्वतः निवडतात, देठ पाहून, दाबून. दुसऱ्या वेळी तोंड फिरवून उभे राहतात आणि भाजीवालीला म्हणतात, तू दे. कुणी विचारलं तर सांगतात की दोन्ही बाजूंना पिशव्या असल्या म्हणजे सायकलचा तोल राहतो. घरी येऊन ते दोन्ही वांगी एका ताटात ठेवतात आणि थोडा वेळ पाहत बसतात. बहुतेक वेळा म्हणतात, हरलो. मग त्यातलं चांगलं शेजारी देतात.’

प्रश्न : गृहस्थ दोन वांगी का आणतात?

मला हसू फुटलं. गृहस्थ ओळखीचे होते! पुढचं वाचायचीही गरज नव्हती. ‘सायकलचा तोल राहावा म्हणून’ असं लिहून मी सगळ्यांत आधी कागद दिला. तिघींनीही तेच लिहिलं, क्लासच्या पद्धतीनं. रुचाची पेन्सिल मात्र अजून कानावर होती.

“पाहुणे, शून्य,” भाऊ म्हणाले.

“अहो, तुम्हीच सांगता की तोल म्हणून!”

“मी सांगतो. उतारा सांगतो का? ओळखीचा माणूस दिसला, म्हणून तुम्ही वाचलंच नाही.”

मी संतापून काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात रुचानं कागद दिला. भाऊंच्या खांद्यावरून मीही वाचला.

‘तोल हे लोकांना सांगायचं कारण आहे. तोंड फिरवणं आणि हरलो म्हणणं याचा तोलाशी संबंध नाही. हरायला समोर कुणीतरी लागतं. आधी बाजारात दोघं जात असतील. एक वांगं ते निवडत, एक मामी. कुणाचं चांगलं, अशी पैज असेल. आता दुसरं वांगं निवडायला कुणी नाही, म्हणून ते तोंड फिरवतात.’

‘मामी’ खोडून वर ‘त्यांची पत्नी’ लिहिलं होतं. बरोबरच होतं. उताऱ्यात मामीचं नाव नव्हतं.

भाऊंनी तांबडं पेन कानावर ठेवलं आणि कागद वाचला. पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचला. पेन कानावरून खाली आलंच नाही.

“मामा, मार्क?” रुचानं विचारलं.

“उद्या,” ते म्हणाले आणि कागद घडी करून आत गेले.

निर्मला दारात उभी होती. मग ती पुस्तिका उचलत म्हणाली, “राहू दे क्लास.” मी मान हलवली. हंगामातलं प्रत्येक वांगं मला आठवत होतं. चांगलं असेल ते शेजारी.

शुक्रवारी संध्याकाळी गल्लीच्या तोंडापासूनच भांडण ऐकू आलं.

“देठ पाहिला नाहीस तू! हरलीस!”

“मामा, तुमच्याला डाग आहे! नीट बघा! बठ्ठं बघा!”

मी ओट्यावर आलो. भाऊ सायकल हातात धरून चालत येत होते. दोन्ही पिशव्या हँडलच्या एकाच बाजूला टांगलेल्या होत्या. दुसऱ्या बाजूनं हँडल रुचानं धरलं होतं.