दासरावांच्या खोलीतली सुमित्रा

माणसानं एकटं राहावं, पण एकटं राहून कादंबऱ्या वाचू नयेत. वाचल्याच तर त्यातल्या आवडत्या कुठल्या, हे चारचौघांना सांगायच्या भानगडीत तर मुळीच पडू नये. रेणुकादास पडले. पाडवा तोंडावर आला होता, वर्ष संपत होतं, आणि एका संध्याकाळी स्टोव्हवर खिचडी टाकताना त्यांच्या मनात आलं की यंदा वाचलेल्या कादंबऱ्यांतल्या आवडत्या तीन निवडाव्यात आणि ऑफिसातल्या मंडळींना घरी बोलावून त्यांच्यावर छोटंसं भाषण द्यावं. (खिचडी तेव्हाच करपली. शहाण्या माणसानं त्यातून काय ते ओळखलं असतं.)

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. कलेक्टर आले, पाटी आली, उस्मानाबादहून पोत्यांत कोंबलेल्या फायली आल्या. खुर्च्या तेवढ्या यायच्या राहिल्या होत्या. त्याच धांदलीत नांदेडहून बदली होऊन रेणुकादास, म्हणजे सगळ्यांचे दासराव, आले. बायको प्रमोदिनी नांदेडला मुलींच्या शाळेत शिक्षिका. तिची नोकरी तिकडं, यांची इकडं. त्यात दुष्काळ असा, की पाहुणा दिसला की लोक आधी घागरीकडं बघायचे, मग त्याच्या तोंडाकडं. अशा गावात बायकोला सुट्टीत तरी कसं बोलवावं?

मग उरल्या कादंबऱ्या. ऑफिस सुटलं की वाचनालय, वाचनालयातून खोली. आवडलेल्या कादंबरीची गोष्ट ते प्रमोदिनीबाईंना पत्रात लिहीत, पण शेवट लिहीत नसत. शेवट समोर बसून सांगायचा असतो, असं त्यांचं मत होतं. आणि समोर तर कोणीच बसत नव्हतं. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्यालाच एकदा त्यांनी एका कादंबरीचा शेवट सांगितला होता. तो म्हणाला, "वाईट झालं. साखर कमी टाकू का?"

निवड पक्की झाली. पहिली, समुद्रातल्या दीपस्तंभावर एकट्यानं राहणाऱ्या रखवालदाराची. दुसरी, एका शिलाई मशीनवरून तीन बहिणींत लागलेल्या भांडणाची. आणि तिसरी, सर्वांत लाडकी, लग्नाच्या दिवशीच नवरा परागंदा झालेल्या सुमित्रेची. सासरचे तिला हाकलतात आणि ती उंबऱ्यात ठाण मांडून बसते. हा प्रसंग साभिनय करायचा, असं दासरावांनी ठरवलं आणि तालीम सुरू केली. डोक्यावर टॉवेलचा पदर, आवाज जरा बारीक.

भिंतीपलीकडं घरमालकीण नीलम्मा राहत. नवरा गुरुपादप्पा, म्हणजे अप्पा; मोंढ्याच्या बाजारात किराणा दुकान. हौदाची चावी नीलम्माच्या कमरेला. माणशी दोन घागरी, हा त्यांचा कायदा. त्या संध्याकाळी त्या भिंतीशी डाळ निवडत बसल्या होत्या, तोच पलीकडून बाईमाणसाचा हुंदका ऐकू आला.

"मी या घरातून जाणार नाही! इथल्या घोटभर पाण्यावर माझाही हक्क आहे!"

नीलम्माच्या हातातलं सूप कललं.

"अवो, ऐकलाव का?" त्यांनी अप्पांना हलवलं. "दासरावाच्या खोलीत बाई हाय!"

"असंल त्याची बायको."

"बायको नांदेडला. ही दुसरी. अन् ती पाण्यावर हक्क सांगू लालीय!"

अप्पा उठून बसले. दुसरी बाई ही गोष्ट त्यांनी एका कानानं ऐकली होती, पाण्याची दोन्ही कानांनी ऐकली.

दुसऱ्या दिवशी दासराव स्वतःच नीलम्माकडं गेले. "मावशी, रविवारी एक घागर जादा मिळेल का?"

"कशाला?"

आता खरं सांगावं, तर लोक येतील की नाही याची त्यांनाच खात्री नव्हती. ते लाजले. (पुरुषानं लाजायच्या वेळा फार जपून निवडाव्यात.) "असंच," ते म्हणाले. "जरा... खासगी आहे."

नीलम्मानं घागर दिली, आणि अप्पांना थेट तार ऑफिसात पिटाळलं. अप्पा व्यापारी माणूस. साखर असो की शब्द, तोलूनच देणार. नांदेडच्या शाळेत तार पोचली ती अशी: 'खोलीत बाई. पाणी अपुरे. निघून या.'

इकडं दासरावांनी ऑफिसात आमंत्रणं दिली. शेजारच्या टेबलावरचा मन्मथ म्हणाला, "येतो की! कादंबरी कोण म्हणालाव? भाचीबिची हाय का?" पुस्तक म्हणून तिची ओळख करून दिल्यावर तो म्हणाला, "तरीबी येतो."

रविवार उजाडला. दासरावांनी मंडपवाल्याकडून लोखंडी खुर्च्या आणल्या, शिरा केला, आणि चहाचं पाणी मोजून स्टोव्हशेजारी झाकून ठेवलं. पाचची वेळ दिली होती. पाच वाजले, साडेपाच वाजले. मन्मथ सकाळीच रेणापूरला सासुरवाडीला गेल्याचं कळलं. बाकीच्यांचं काहीच कळलं नाही. रस्त्यावर सायकल वाजली की दासराव उठायचे, सायकल पुढं गेली की बसायचे. शिऱ्यावर साय धरावी तसा थर आला.

खुर्च्या मात्र सगळ्या त्यांच्याकडंच तोंड करून बसल्या होत्या. माणूस एकटा असला की त्याला एक खुर्ची पुरते. त्या दिवशी त्यांना कळलं की रिकाम्या खुर्च्या जितक्या जास्त, तितकं एकटं जास्त वाटतं. थोडा वेळ ते खिडकीशी उभे राहिले. मग खाकरले.

"मित्रहो," ते म्हणाले.

आणि त्यांनी भाषण केलं. रखवालदार झाला, तीन बहिणी झाल्या. रखवालदार रोज संध्याकाळी दिवा लावून वाट बघतो, तिथं आवाज जरा कापला, पण श्रोत्यांनी सांभाळून घेतलं. मग त्यांनी टॉवेलचा पदर घेतला. सुमित्रा आज नेहमीपेक्षा खरी रडत होती.

"जाणार नाही! मला इथं एकटीला टाकून गेलात, आता कुणाच्या तोंडाकडं बघू?"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. पुढं नीलम्मा, मागं अप्पा, आणि त्यांच्या मागं, नांदेडच्या एस. टी.तून नुकत्याच उतरलेल्या, हातात पिशवी आणि तोंडावर धूळ, प्रमोदिनीबाई.

"कुठं हाय ती?" नीलम्मानं विचारलं आणि वाकून खाटेखाली बघितलं.

"कोण?"

"रडू लालती ती!"

"ती... मीच," दासराव टॉवेल काढायचं विसरून म्हणाले.

अप्पांनी एकदा त्यांच्याकडं, एकदा घागरीकडं बघितलं. "म्हंजे खोलीत माणूस एकच?"

"एकच."

"मग जादा घागर?"

"पाहुणे येणार होते. आले नाहीत."

प्रमोदिनीबाईंनी खुर्च्यांची ती रांग बघितली, झाकलेलं चहाचं पाणी बघितलं, नवऱ्याच्या डोक्यावरचा पदर बघितला. रागाची जी काही शिदोरी त्यांनी नांदेडपासून बांधून आणली होती, ती त्यांनी न सोडताच पिशवीसकट खाली ठेवली आणि पहिल्या खुर्चीवर बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "चालू द्या."

नीलम्मा बसल्या. अप्पाही शिऱ्याच्या बाजूची खुर्ची बघून बसले. दासरावांनी सुमित्रा पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, आणि काय सांगावं! सासूच्या प्रवेशाला नीलम्मा "मेलीला हौदात ढकला" म्हणाल्या, अप्पांनी शिऱ्याचा घास हातातच धरला. वर्षभरात दासराव इतके सुखी झाले नव्हते. "आणि बारा वर्षांनी," ते हळूच म्हणाले, "दारात उभा राहिला तो..."

गल्लीत भोंगा वाजला.

"टँकर!" नीलम्मा ओरडल्या. खुर्च्या आडव्या झाल्या. अप्पा, नीलम्मा, आणि दोन्ही हातांत घागरी घेऊन प्रमोदिनीबाईसुद्धा धावल्या. दासराव घागर शोधेपर्यंत रांग वळणापर्यंत गेली होती. ते शेपटाला उभे राहिले. पार पुढं त्यांना बायका प्रमोदिनीबाईंभोवती गोळा झालेल्या दिसल्या. बोलणं ऐकू येत नव्हतं. हसणं मात्र येत होतं.

"काय चाललं होतं?" घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

"शेवट सांगत होते."

"तुला कुठं ठाऊक?"

"तुम्ही पत्रात शेवट लिहीत नाही," प्रमोदिनीबाई पदरानं घागर पुसत म्हणाल्या. "मग नांदेडच्या वाचनालयातून आणून वाचते. सगळ्या वाचल्या. दीपस्तंभवाली दोनदा."

दासरावांनी चहा टाकला. बऱ्याच दिवसांनी दोन कप.

पहाटेच्या गाडीनं बाई गेल्या; त्यांची शाळा होती. दिवसभर ऑफिसात दासरावांचं लक्ष लागलं नाही. संध्याकाळी खोलीवर येऊन बघतात तो काय, नीलम्मा गल्लीतल्या पाच-सहा बायका घेऊन खुर्च्यांवर बसलेल्या! दासरावांचा ऊर भरून आला. घाईघाईनं तोंड पुसून ते समोर उभे राहिले.

"मित्रहो... भगिनींनो, काल आपण सुमित्रेच्या दारापर्यंत..."

"ते झालं की काल रांगेत," नीलम्मा म्हणाल्या. "बाई लई ब्येस सांगतात. नवरा आला, तवा आमची भरलेली घागर सांडली, इतकं रडू आलं. आमी इचाराया आलाव, बाई परत कवा येणार?"

"इतक्यात नाही. सुट्टी लागली की मीच जाणार आहे नांदेडला."

"जावा की," नीलम्माचा चेहरा एकदम उजळला. "तुमी तिकडंच ऱ्हावा, अन् बाईला इकडं धाडून द्या. घागरी तेवढ्याच लागतील."