तटस्थ पट्टा

पनवेलमधील एकोपा सहकारी गृहनिर्माण संस्थेची गच्ची गळते, ही बाब संस्थेने सन दोन हजार अकराच्या एप्रिलमध्ये अधिकृतपणे मान्य केली. त्याआधीही ती गळतच होती, पण ती पेझारकरांची खाजगी गळती होती. तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर दोन फ्लॅट आहेत. एकाचे मालक बहारीनला असतात आणि फ्लॅटला कुलूप असतं, त्यामुळे तिथे गळतं की नाही हे सांगता येत नाही. दुसऱ्यात इसाजी पेझारकर आणि त्यांच्या पत्नी रेबेकाकाकू राहतात; बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. तिथे गळतं हे दोघांना सांगता येतं आणि ते सांगतातही. मी संस्थेचा सेक्रेटरी असल्यामुळे ते मलाच सांगतात.

खरं तर पेझारकर काकांनी आपल्यापुरता उपाय शोधला होता. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झालेला व्यवस्थित माणूस. दर वर्षी मे महिना संपत आला की निळी ताडपत्री घेऊन ते गच्चीवर जायचे, ती अंथरायचे, कडेनं विटा ठेवायचे आणि पावसाळा बऱ्यापैकी निभायचा. पण त्या वर्षी काकू माझ्याकडे आल्या त्या वेगळ्या कारणाने. त्यांची मुलगी लीया लग्न होऊन इस्रायलला गेलेली. तिला बाळ झालं होतं आणि ऑगस्टमध्ये ती बाळाला घेऊन पहिल्यांदा माहेरी येणार होती.

"हॉलमध्ये नवसाचा मलिदा करायचाय," काकू म्हणाल्या. "एलियाहू हन्नाबीला, आमच्या प्रेषिताला, नवस बोललेय मी. सगळी बिल्डिंग बोलावणार. मधोमध ताट मांडायचं, गोड पोहे, खोबरं, फळं, वर गुलाबाचं फूल. त्यात छतातून पाणी पडलं तर कसं दिसेल? यंदा ताडपत्रीवर भागवायचं नाही. एकदाच काय ते पक्कं करून द्या."

मागणी साधी होती. साध्या मागणीवर लगेच काम केलं की सभासदांना तशी सवय लागते, म्हणून मी सभा बोलावली.

गच्ची पक्की करावी यावर सभेत कुणाचंही दुमत नव्हतं. दुमत झालं ते कशाने करावी यावर. आमचे चेअरमन नियाजभाई तळमजल्यावर राहतात. उमेदीची सगळी वर्षं कुवेतला काढून परत आलेले आहेत, त्यामुळे बांधकाम, आरोग्य आणि शिस्त या तीन विषयांत त्यांचा शब्द शेवटचा समजला जातो.

"फायबर," नियाजभाई म्हणाले. "फायबरग्लास. आमच्या कॅम्पच्या छताला तेच होतं. इतकी वर्षं राहिलो मी तिकडे, खुदा कसम, एक थेंब गळला नाही."

"तिकडे पाऊस किती पडतो?" मागच्या रांगेतून आमच्या कुमुदने विचारलं. कुमुद ही माझी पत्नी. प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्यामुळे मी तो घेतला नाही.

पहिल्या मजल्यावरचे धर्मराज गावंड उठले. त्यांचे ट्रेलर न्हावा शेव्याला कंटेनर वाहतात. रबराशी त्यांचा संबंध रोजचा आहे.

"आमी काय कुवेतला गेलो नाय," धर्मराजशेठ म्हणाले. "पन माझे ट्रेलर बंदरावर गुडघाभर पान्यात उभे असतात. टायरच्या आत पानी शिरलेला कोनी बघितलाय? नाय ना? मंग रबराची चादर टाका गच्चीवर. विषय संपला."

विषय अर्थातच तिथून सुरू झाला. दोन्ही बाजूंचा अनुभव इतका दांडगा होता की मतदानाशिवाय मार्ग नव्हता. तीन मतं फायबरला पडली, तीन रबराला. माझं मत मी गुप्त ठेवलं आहे; ते फायबरला होतं. बहारीनचे सभासद गैरहजर होते. उरलं ते पेझारकरांचं मत. ते ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकणार, असा तो क्षण होता. काका उठू लागले आणि नियाजभाई व धर्मराजशेठ पहिल्यांदाच एका सुरात बोलले. ज्याच्या घरात गळतं त्याचा या प्रश्नात हितसंबंध आहे, तेव्हा त्याने मत देणं योग्य नाही, असं दोघांचं म्हणणं पडलं.

"अहो, पण मला दोन्ही चालेल," काका म्हणाले. "पाणी थांबलं म्हणजे झालं."

"म्हणजे तटस्थ," मी म्हणालो आणि तशी नोंद केली.

पुढे तांत्रिक उपसमिती नेमली. हितसंबंधाचं तत्त्व इथेही पाळलं. जे गच्चीखाली राहत नाहीत, अशाच सभासदांना उपसमितीवर घेतलं. नियाजभाईंनी फायबरच्या पत्र्याचा नमुना आणून आपल्या बाथरूममध्ये ठेवला. धर्मराजशेठ पळस्प्याच्या एका दुकानातून रबराचा तुकडा घेऊन आले आणि त्यांनी तो आपल्या गॅलरीत अंथरला. मेअखेर दोघांनी अहवाल दिले. फायबरचा नमुना असताना तळमजला गळला नाही. रबराचा नमुना असताना पहिला मजला गळला नाही. दोन्ही पदार्थ पूर्ण यशस्वी ठरले आणि पेच अधिक गंभीर झाला.

याच सुमारास काका ताडपत्री खांद्यावर टाकून जिन्यात दिसले. मी त्यांना थांबवलं. ताडपत्री घातली की गळती दिसत नाही, आणि गळतीच दिसली नाही तर उपसमितीने अभ्यास कशाचा करायचा? काकांना हे पटलं की नाही ते कळलं नाही. सज्जन माणूस, तसेच आपल्या घरी परतले. ताडपत्री माळ्यावर गेली.

जूनमध्ये गळती उत्तम दिसली. पेझारकरांच्या हॉलमध्ये चार ठिकाणी पाणी पडत होतं. उपसमिती चपला बाहेर काढून पाहणीला गेली. काकूंनी चहा केला. चहा पिता पिता नवी मुंबईत होणाऱ्या विमानतळाचा मुद्दा निघाला. विमानं सुरू झाली की आपली गच्ची वरून दिसणार, तेव्हा ती पांढरी असावी असं नियाजभाईंचं मत होतं. काळी गच्ची रात्री दिसतच नाही, म्हणून ती सुरक्षित, असं धर्मराजशेठ म्हणाले. पाहणी बराच वेळ चालली. कुणाच्या तरी कपात थेंब पडला, तेव्हा ती तहकूब झाली.

"लीयाचं तिकीट आलंय हो," दारात काकू मला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. तक्रारीला उत्तर देण्याची पद्धत ठरलेली आहे.

अखेर जुलैत तोडगा निघाला, आणि तो मीच काढला हे सांगायला मला संकोच वाटत नाही. अर्धी गच्ची फायबरची, अर्धी रबराची. सभेने टाळ्या वाजवल्या. पावसाने उघडीप दिली तशी दोन्ही ठेकेदारांची माणसं आली आणि गच्चीच्या दोन टोकांकडून कामाला लागली. दोन्ही कामं एकमेकांच्या जवळ आली आणि थांबली.

फायबरवाल्याचं म्हणणं असं, की दुसऱ्या कुणाचं काम आपल्या कामाला टेकलं तर गॅरंटी संपली. रबरवाल्याचं म्हणणंही शब्दशः तेच. दोघांनीही आपापल्या बाजूने काम चोख केलं होतं, त्यामुळे कुणालाच दोष देता येईना. तेव्हा मध्ये वीतभर रुंदीचा पट्टा रिकामा सोडावा असं ठरलं. तो फायबरचाही नाही आणि रबराचाही नाही.

हा पट्टा गच्चीच्या बरोबर मध्ये, म्हणजे जिन्यावर येत होता. तिथे गळलं असतं तरी कुणाचं बिघडलं नसतं. पण धर्मराजशेठनी हरकत घेतली. पाण्याची टाकी रबराच्या हद्दीत असल्याने रबराची जागा कमी भरते. हरकत रास्त होती. टेप लावून मापं घेतली, दोन्ही बाजू समान केल्या, तर पट्टा सरकून पेझारकरांच्या हॉलवर आला.

यावर वाद होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही. पट्टा तटस्थ आहे आणि खालचे सभासदही तटस्थ आहेत, तेव्हा याहून योग्य जागा नाही, असं सगळ्यांना वाटलं. संस्थेच्या इतिहासातला हा पहिला एकमताचा ठराव.

"एकमत म्हणजे काका पण हो म्हणाले?" घरी आल्यावर कुमुदने विचारलं.

"तटस्थांना विचारायची पद्धत नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि तिने मला चहा दिला नाही.

काम उत्कृष्ट झालं होतं. पुढच्याच सरीला फायबरवर पाणी ठरेना आणि रबरावरही ठरेना. दोन्हीकडचं सगळं पाणी घरंगळत मध्ये येऊन पट्ट्यात जमायचं आणि तिथून खाली जायचं. मी जाऊन खात्री केली. पूर्वी हॉलमध्ये चार ठिकाणी गळत होतं, आता एकाच ठिकाणी, म्हणजे पंचाहत्तर टक्के सुधारणा. ते एक ठिकाण हॉलच्या मधोमध होतं आणि तिथे आता थेंब पडत नव्हते, धार पडत होती, हा तपशील मी अहवालात घेतला नाही. अहवाल फायबर आणि रबराविषयी होता.

"मग त्या पट्ट्यावर आमची ताडपत्री टाकू का?" काकांनी विचारलं.

मला वाईट वाटलं, पण नियम सांगणं भाग होतं. ताडपत्री पट्ट्यावर टाकली की तिची एक कड फायबरला टेकणार आणि दुसरी रबराला, म्हणजे एका फटक्यात दोन्ही गॅरंट्या जाणार. काकांनी छताकडे एक नजर टाकली. मग म्हणाले, "लीया उद्या उतरतेय."

मलिद्याच्या दिवशी पाऊस सकाळपासून लागून राहिला होता. आम्ही सगळे ठरल्या वेळी वर गेलो. नियाजभाई आणि त्यांच्या बेगम साबिराभाभी, धर्मराजशेठ, इतर सभासद, मी आणि कुमुद, शिवाय काकूंचे अलिबाग-पेणकडचे नातेवाईक. दार उघडलं आणि सगळे उंबऱ्यातच थबकले.

हॉलच्या छताखाली निळी ताडपत्री ताणून बांधली होती. एक टोक खिडकीच्या गजांना, एक पंख्याच्या हुकाला, आणि गॅलरीकडे छान उतार काढलेला. ड्रॉइंग ऑफिसातला माणूस, उतार अगदी बरोबर होता. वरची धार ताडपत्रीवर पडत होती, निमूट घरंगळत गॅलरीत जात होती आणि मोरीतून खाली. खाली जमीन कोरडी होती. मधोमध ताट मांडलेलं, पोह्यांवर खोबरं, बाजूने फळं, वर गुलाब. लीया बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि बाळ त्या निळ्या छताकडे बघून हसत होतं.

"घराच्या आत बांधलीय," काकू मला म्हणाल्या. "कशाला टेकत नाही. चालेल ना?"

मी नियम आठवून पाहिले. मनाई सापडली नाही, म्हणून बसलो. काकांनी प्रार्थना म्हटली, नातेवाइकांनी सूर धरला, आणि मला कबूल केलं पाहिजे की त्या निळ्या उजेडात फार प्रसन्न वाटत होतं. मलिदा गोड झाला होता. साबिराभाभींनी बाळाच्या हातात चांदीचा वाळा घातला. कुमुदचे डोळे भरून आले. तिने त्या दिवशी मला पुन्हा चहा द्यायला सुरुवात केली.

"बघा," दुसऱ्यांदा मलिदा घेत नियाजभाई म्हणाले, "एक थेंब आहे का खाली? हे फायबर."

"फायबर कसला," धर्मराजशेठ म्हणाले. "रबराकडून पानी येतच नाय, म्हनून सुकं हाय."

वरून येतंय ते पाणी नेमकं कुणाच्या बाजूचं, हे बघायला दोघं छत्री घेऊन गच्चीवर गेले. त्यांच्यामागे एकेक करत बाकीचे सभासद गेले. सेक्रेटरी म्हणून मलाही जावं लागलं. हॉलमध्ये पेझारकर कुटुंब, त्यांचे नातेवाईक, साबिराभाभी, कुमुद आणि ते बाळ राहिलं. वर आम्ही भिजत उभे होतो आणि खालून हसण्याचा आवाज येत होता.

पुढच्या सभेपुढे आता दोन विषय आहेत. एक, संस्थेच्या आवारात घरातल्या घरात ताडपत्री बांधण्यास परवानगी लागते का. दोन, परवानगी लागत असल्यास ताडपत्री निळी असावी की पिवळी. दुसऱ्या विषयावर नियाजभाई आणि धर्मराजशेठ यांची मतं तयार आहेत.

वाचकहो, हे वाचताना तुम्हाला आमचं हसू आलं असेल. येऊ द्या. पण फायबर बरं की रबर, हे तुम्ही मनाशी ठरवूनही टाकलं असणार. असं असेल तर आमच्या उपसमितीत एक जागा रिकामी आहे, जरूर या. आणि तुम्ही काहीच ठरवलं नसेल, आपल्याला काय, पाणी थांबलं म्हणजे झालं, एवढंच मनात आलं असेल, तर तुमचं नाव मी तटस्थ म्हणून लिहून घेतलं आहे. तुमच्या माळ्यावर ताडपत्री आहे का, तेवढं एकदा बघून ठेवा.